याला खातं कोण?

पहिल्या वर्षी मी २०० पिशव्या भरल्या. जुलै संपेपर्यंत त्यातल्या ३९ उगवल्या, आणि त्यातही ११ पिशव्यांत जे उगवलं ते मी लावलेलंच नव्हतं. बहाव्याच्या पिशवीत बाभूळ, ऐनाच्या पिशवीत बाभूळ, जांभळाच्या पिशवीतही बाभूळच. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, "शाळेत पण असंच शिकवायचीस काय गं? पेरायचं एक आणि उगवायचं भलतंच?"

प्राथमिक शाळेत ३६ वर्षं शिकवून मी २०२० च्या मे महिन्यात निवृत्त झाले. लॉकडाऊनमुळे निरोपसमारंभ नाही, शाल नाही, नारळ नाही. घरात बसून बसून जीव उबगला तेव्हा सासऱ्यांच्या वाटणीत आलेला माळ आठवला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून नंदगडला जाताना रस्त्यापासून थोडा आत आहे, २२ गुंठे. जांभ्याची जमीन, फूटभर खणलं की पहार खणकन वाजते. पूर्वी तिथं नाचणी व्हायची. नाचणी करणारी माणसं बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला लागली आणि माळ पडीक राहिला. दिरांचं म्हणणं, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून मोकळं व्हावं. पाणी नको, राखण नको, गुरं तोंड लावत नाहीत. हे सगळं खरं आहे. पण आमच्या शेजारच्या माळावर ती बाभूळ आहे आणि मी बरीच वर्षं तिच्याखालून जाते. खाली पाचोळ्याचा जाड थर, वर सगळं कसं गप्प. मला गजबज हवी होती. लहानपणी माहेरच्या बांधावर होतं तसं: ऐन, किंदळ, बहावा, जांभूळ, उंबर, कुंभा.

तयार रोपं आणावीत म्हणून आधी एका रोपवाटिकेत गेले. पाटीवरची नावं सगळी कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचताही येतं, पण झाडांची नावं ही वेगळीच भाषा असते. उंबर म्हणजे अत्ती, जांभूळ म्हणजे नेरळे, पळस म्हणजे मुत्तुग, एवढं ठाऊक होतं. ऐनाला मत्ती म्हणतात हेही. मी मत्ती मागितली, त्यानं २५ रोपं दिली. माळाच्या वरच्या अंगाला, जिथं सगळ्यात कोरडं, तिथं ती लावली. ऐन तिथंच शोभतो. दोन उन्हाळ्यांत २१ गेली. उरलेल्या चारांची पानं बघून ओळखीचे एक वनरक्षक हसले. ती होळे मत्ती निघाली, म्हणजे अर्जुन! नदीकाठचं झाड. मलप्रभेच्या काठाला त्याचे गुळगुळीत पांढुरके बुंधे ओळीनं उभे आहेत, आणि मी त्याला माळाच्या टकलावर उन्हात उभा केला होता. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, मोठ्या झाडात चूक होत नाही, पण वीतभर रोपाला साल कुठली असायला? चूक निम्मी त्याची, निम्मी माझी. करी मत्ती की होळे मत्ती, हे मी विचारायला हवं होतं.

म्हणून बियांकडे वळले. बी आपण झाडाखालून उचललं की निदान झाड कुठलं हे तरी नक्की. भीमगडच्या अभयारण्यातून काही आणायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. तिथं बी उचलायलाही मनाई आहे आणि ते बरोबरच आहे. आपल्या बांधावरचं, रस्त्याकडेचं, देवळाच्या आवारातलं, ओळखीच्यांच्या परसातलं, एवढंच घ्यायचं.

आणि इथं मी पहिली मोठी चूक केली. माझी आई पावट्याचं, दोडक्याचं बी उन्हात कडकडीत वाळवायची, राख चोळून बरणीत भरायची आणि पुढच्या मिरगापर्यंत ते खणखणीत राहायचं. मला बी राखणं म्हणजे एवढंच माहीत. मी जूनमध्ये दोन पायल्या जांभळाच्या बिया धुतल्या, आठ दिवस गच्चीवर वाळवल्या, राख लावली, बरणी बंद केली. वर्षानं पेरल्या. एक उगवली नाही. उगवणार कशी? त्या बरणीत वर्षभर प्रेतंच होती. पावट्याचं बी कोरडं होऊन झोपतं, जांभळाचं कोरडं झालं की मरतं. ते ओलंच पडतं, पावसाच्या तोंडावर पडतं, दोन-तीन आठवड्यांच्या आत मातीत गेलं तर गेलं. कोकमाचंही तेच. हे कळल्यावर पुढच्या वर्षी जांभळं खाल्ली त्याच दिवशी बिया पिशवीत टाकल्या. पंधरा दिवसांत कोंब आले, आणि गंमत म्हणजे एकेका बीतून दोन-दोन, तीन-तीन. मला वाटलं चुकून जास्त बिया पडल्या. उकरून बघितलं तर बी एकच, कोंब तीन. एकाच टरफलात भावंडं. मी उगीचच हळवी होऊन सगळी ठेवली, मग दोन महिन्यांनी वेगळी करताना निम्मी गेली.

आता त्या बाभळीकडे येते.

पिशव्यांत घालायला मी मेंढ्यांचं लेंडीखत आणलं होतं. सुगी झाल्यावर पूर्वेकडचे धनगर मेंढरं घेऊन येतात, कुणाच्या शेतात चार रात्री मेंढरं बसवतात. त्यांच्याबरोबर शेळ्याही असतात. तसल्याच एका शेतातून चार पोती खत घेतलं होतं. जंगलाच्या कडेच्या गवळीवाड्यावरचे एक मामा आमच्याकडे तूप घेऊन येतात. सत्तरीच्या पुढचे आहेत, माझी मुलगी लहान असल्यापासून येतात. मी त्यांना बाभळीची रोपं दाखवली. ते मटकन खाली बसले आणि मुठीत खत घेऊन चुरून बघायला लागले.

"हे शेळीचं काम हाय बाई. बाभळीच्या शेंगा खाती, आन् रातच्याला रवंथ करताना बी थुकती. वाड्यात सकाळी झाडलोट केली तर सूपभर बी निघंल. ते बी पेरलासा तर लगेच येतंय. शेंगंतलं काढून पेरलासा तर येत न्हाई."

मग बहाव्याची पिशवी हातात घेऊन म्हणाले, "आन् ह्येला खातंय कोण?"

मी गप्प. ३६ वर्षं मुलांना प्रश्न विचारले, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. बी कुठल्या झाडाचं, किती खोल लावायचं, पाणी किती द्यायचं, एवढंच मी विचारत होते. मामांनी एक प्रश्न विचारला आणि माझी सगळी वही उलटी झाली. तेव्हापासून वहीत दर झाडापुढं पहिला रकाना तोच आहे: याला खातं कोण?

बहाव्याची शेंग हातभर लांब, काळी, काठीसारखी. आपटून फोडली की आत चकत्या लागतात, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढ्या, एकावर एक रचलेल्या. दोन चकत्यांच्या मध्ये काळा चिकट गर आणि त्यात एक चपटं, तपकिरी, काचेसारखं गुळगुळीत बी. गराला गुळाच्या ढेपेचा असतो तसा उग्र वास. हा गर कोल्हा खातो, माकड खातं, अस्वल खातं. पोटातून बी जातं तेव्हा त्याची ती काचेसारखी कातडी थोडी झिजते. शेंग नुसतीच झाडाखाली पडून राहिली तर आतल्या आत किडे भोकं पाडतात. मी पहिल्या वर्षी ४० बिया तशाच पेरल्या होत्या, तीन उगवल्या. कोल्हा कुठून आणू? मग नेलकटर घेतला. बीच्या टोकाकडची बाजू सोडायची, तिथं अंकुर असतो. समोरच्या कडेला अगदी नखाएवढी चीर द्यायची, आतला फिका भाग दिसला की थांबायचं. रात्रभर पाण्यात ठेवल्या. सकाळी निम्म्याहून जास्त बिया फुगून दुप्पट झाल्या होत्या. ज्या फुगल्या नाहीत त्यांना पुन्हा एक चीर. ४० पैकी ३३ उगवल्या. बोटं मात्र आठवडाभर दुखत होती. कोल्ह्याला हे फुकटात जमतं.

यातली खरी गंमत तिसऱ्या वर्षी कळली. पहिल्या वर्षीच्या न उगवलेल्या पिशव्या मी वैतागून विहिरीमागं उपड्या केल्या होत्या. तिथं तिसऱ्या पावसाळ्यात बहाव्याची सात रोपं उभी! म्हणजे बिया मेल्या नव्हत्या, वाट बघत होत्या. एका वर्षी सगळ्या उगवल्या आणि तेव्हाच पावसानं दगा दिला तर वंश बुडेल, म्हणून त्या थोड्या यंदा, थोड्या पुढच्या वर्षी, अशा हप्त्याहप्त्यानं येतात. घाई मला होती, कारण पिशव्या मी मोजत होते.

बहाव्याचा दुसरा सोबती मला आमच्या घराच्या वाशात सापडला. लाकडाला गोल भोक पाडून राहतो तो मोठा काळा भुंगा. खाली भुसा पडतो म्हणून आमच्याकडे त्या भोकात रॉकेलचा बोळा कोंबायची पद्धत होती. एप्रिलमध्ये शाळेच्या आवारातल्या बहाव्याखाली उभं राहून बघितलं, हाच भुंगा फुलाला मिठी मारून बसतो, पंख हलवत नाही, नुसता अंगानं घुमतो. त्या घुमण्यानं फुलातल्या केसरांच्या बारीक भोकांतून पिवळी पूड त्याच्या पोटावर उडते. साधी मधमाशी एवढी जोरात घुमत नाही. आता मी बोळे कोंबत नाही. ह्यांनी कुंपणाला लावायला आणलेल्या वाळक्या मेसकाठ्यांचा, म्हणजे बांबूंचा, एक भारा माळाच्या कोपऱ्यात भुंग्यांसाठी तसाच ठेवलाय. त्यावरून घरात एकदा चांगलाच वाद झाला, पण तो इथं नको.

उंबराची गोष्ट वेगळी. उंबर आमच्या घरात दत्ताचं झाड. वर्षातून एकदा तरी नरसोबाच्या वाडीला जायचं, औदुंबराला प्रदक्षिणा घालायच्या, आणि झाडाखाली उंबर पडलेलं असलं तर फोडायचं नाही. उंबर फोडून केंबरी कशाला उडवायची, असं सासूबाई म्हणायच्या. म्हणजे झाकलेलं झाकलेलंच राहू द्यावं. मी मात्र फोडलं. आत खरंच केंबरी होती, चिलटांसारखी बारीक, काही उडाली, काही पंख ओले असल्यासारखी तिथंच फिरत राहिली. आणि मी मुलांना इतकी वर्षं सांगत आले की उंबराला फूल येत नाही, फळच येतं. क्वचित येणाऱ्या पाहुण्याला आपण उंबराचं फूल म्हणतो ते त्यामुळंच. पण फूल असतं! एक नाही, शेकड्यांनी, सगळी आतल्या बाजूला तोंड करून. उंबर म्हणजे आत वळवलेली परडी.

त्या परडीचं दार फक्त त्या केंबराला उघडतं. मादी टोकाच्या खवल्यांतून इतकी घासटत आत शिरते की तिचे पंख तुटतात. दुसऱ्या उंबरातून आणलेले पराग ती आतल्या फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. जी फुलं अंड्यांतून वाचतात त्यांचं बी होतं. पुढं नर जन्मतात, त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, उंबराला आतून बोगदा पाडतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून बाहेर पडतात. त्यांच्या हाताशी उणापुरा एखाद-दुसरा दिवस. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या तरी झाडावर योग्य वेळेला आलेलं उंबर सापडलं पाहिजे. म्हणून सगळी उंबरं एकदम फळत नाहीत. तुमचं फळलेलं असतं तेव्हा माझं रिकामं असतं. आणि म्हणूनच उन्हाळ्यात बाकी रानात खायला काही नसताना कुठं ना कुठं उंबर लगडलेलं सापडतं. कुणाला ना कुणाला धनेश, वाघूळ, माकड, शेकरू यांची पंगत बसलेली दिसते. मी माळावर एकच उंबर लावणार होते. आता त्याच्या भोवती पाच-सात किलोमीटरमध्ये आणखी किती आहेत ते मोजत फिरते. आतापर्यंत १४ सापडलेत, त्यातले दोन गेल्या वर्षी रस्तारुंदीत गेले.

बी लावायला मात्र नाकी नऊ आले. वडाची फांदी खोवली की लागते, उंबराची माझ्या हातून एकही लागली नाही. बी खसखशीहून बारीक. पहिल्यांदा बोटभर खोल पुरलं, काहीच आलं नाही. त्याला उजेड लागतो. मग मातीवर नुसतं भुरभुरलं, पहिल्या सरीला वाहून गेलं. मग ट्रेमध्ये लावून वर प्लास्टिक ओढलं, केसांसारखी शेकडो रोपं आली आणि दमटपणानं चार दिवसांत बुडाशी काळी पडून कोलमडली. शेवटी वहीतला पहिला रकाना उघडला. गावच्या देवळाजवळच्या झाडावर वाघळं लोंबकळतात. त्यांच्याखाली चोथा पडतो. फळ चावून, रस पिऊन, धागा थुंकून टाकलेला. तो आणि विष्ठा मिळून एक डबा भरला. (हातमोजे आणि मास्क घालून. देवळाकडं येणाऱ्या बायका लांबूनच जात होत्या.) खानापूरला कौलांचे कारखाने आहेत, फुटक्या कौलांना तोटा नाही. मडक्याच्या पाण्यात अर्धी बुडतील अशी कौलं उभी केली आणि त्यावर तो काला फासला. कौल पाणी शोषतं, वरून हवा खेळती. तीन आठवड्यांत हिरवी साय धरली आणि त्यात दोन-दोन इवली पानं. भिंतीच्या भेगेत, देवळाच्या कळसावर उंबर-पिंपळ का उगवतात ते तेव्हा समजलं. कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय पिंपळ येत नाही असं आपण म्हणतो, ते शब्दशः खरं नाही. नुसतं धुतलेलं बीही येतं. पण गर काढून, बी उंचावर उजेडात नेऊन ठेवायचं काम पाखराशिवाय कोण करणार?

आता चंदन. हे माझं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात जास्त रडवलेलं.

चंदन तसं बेळगावच्या पूर्वेकडचं, कमी पावसाचं झाड. आमच्याकडे पाऊस जास्त, पण माळावर पाणी थांबत नाही म्हणून हिंमत केली. बैलहोंगलकडच्या मैत्रिणीच्या बांधावर आहे, तिनं दसऱ्याच्या सुमाराला ओंजळभर पिकलेली काळी फळं पाठवली. शेजाऱ्यांनी घाबरवून सोडलं, चंदन सरकारचं असतं, पोलीस येतील. तसं आता नाही. कर्नाटकात २००१ मध्ये कायदा बदलला, आपल्या जमिनीतलं चंदन आपलंच. चोराची भीती मात्र खरी आहे, पण चोर यायला झाडात गाभा तर धरू दे.

गर चोळून काढला, सावलीत सुकवल्या, दोन महिने तशाच ठेवल्या. चंदनाला तेवढी विश्रांती लागते. मग वाळूच्या वाफ्यात लावल्या. सहा पानांवर आल्यावर २४ रोपं पिशव्यांत हलवली आणि प्रत्येक पिशवीत तुरीचे दोन दाणे टोचले. चंदनाला शेजार लागतो हे मला वाचून माहीत होतं. तूर वाढली, चंदनाच्या डोक्यावर गेली, मी तिचे शेंडे खुडत राहिले. जूनमध्ये लेकीकडे पुण्याला गेले. परत आले तर कामाला येणाऱ्या अक्का खुशीत.

"बाई, त्या बारक्या पिशव्यांत तूर उगावली होती बघा. एकेक करून समदी उपटली. आता कशी सोच्छ झाली!"

अक्कांना काय बोलणार? त्यांना मी सांगितलंच नव्हतं. महिन्याभरात चंदनाची पानं पिवळी पडायला लागली. खत घातलं, ताक घातलं, काही उपयोग नाही. नऊ रोपं गेली. उरलेल्यांत घाईघाईनं पुन्हा तूर टोचली, तिनं जरा मुळं धरेपर्यंत श्वास रोखून बसले. दिवाळीच्या सुमाराला नवी पालवी हिरवी यायला लागली.

त्यातली एक पिशवी उंदरानं फाडली म्हणून माती सुटली. मी ती पाण्याच्या परातीत ठेवून हलक्या हातानं धुतली. तुरीच्या मुळांवर मोहरीच्या दाण्यांसारख्या गाठी होत्या. एक नखानं फोडली, आत गुलाबी. म्हणजे जिवंत, त्यात हवेतला नत्र पकडणारे जिवाणू असतात. आणि तुरीच्याच मुळांना जागोजाग तांदळाच्या कणीएवढी पांढरट बटणं चिकटलेली होती. बटणाचा देठ धरून मागं मागं गेलं की चंदनाचं मूळ. सुटतायत का म्हणून एक ओढून बघितलं, तर तुरीच्या मुळाची साल सोलून आली पण बटण सुटेना. जिवाणू हवेतनं आणतो, तुरीला देतो, चंदन तुरीकडून उचलतं. एका पिशवीत तीन चुली आणि एकच कोठी. मी ह्यांना हाक मारून दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत होते.

"म्हणजे चंदन बांडगूळ निघालं की!"

"अर्धं. पानं हिरवी आहेत, अन्न स्वतः करतंय. पाणी आणि खत तेवढं दुसऱ्याचं."

"मग आमच्या बँकेत अशी पुष्कळ होती," म्हणाले आणि परात उचलून सावलीत ठेवायला गेले. बांडगूळ आणि चंदन खरोखरच लांबचे भाऊबंद आहेत, वनस्पतिशास्त्रात एकाच गणातले. देवाच्या कपाळाला लावतो ते एक, आणि आंब्यावरचं तोडून टाकतो ते दुसरं.

ऐनाबद्दल थोडक्यात सांगते, कारण फारसं यश नाही. पंखाची फळं पोतंभर गोळा केली तर निम्म्यांच्या आत काही नसतंच, पोकळ. जी उगवली त्यातल्या दहा पिशव्यांत जुन्या ऐनाच्या बुडाजवळची दोन-दोन मुठी माती घातली, दहांत नाही. मुळांना चिकटून राहणारी बुरशी त्या मातीतून येते. दुकानात तिची पाकिटंही मिळतात, मायकोरायझा म्हणून. मातीवाली दहा रोपं वर्षात उंच झाली, बाकीची खुरटली. पण मातीवाल्या पिशव्या मी सकाळच्या उन्हाकडे ठेवल्या होत्या, हेही सांगायला हवं. मुलांच्या प्रयोगवहीत असं केलं असतं तर मी लाल शेरा मारला असता.

चौथ्या वर्षी मी माळावर लावणं जवळजवळ थांबवलं. हरभऱ्यात घाट्या अळीसाठी पक्षीथांबे लावतात तसे सहा लावले. मेसकाठीला आडवी फांदी बांधायची, बस्स. बुलबुल, कोकीळ, साळुंकी कुठंतरी फळं खाऊन येतात, त्यावर बसतात आणि खाली काय टाकायचं ते टाकतात. मला वाटलं होतं खाली नंदनवन उगवेल. पहिल्या पावसानंतर गेले तर सहाही थांब्यांखाली गचपण घाणेरी! बुलबुलाला आपलं-परकं कळत नाही, काळं गोड फळ दिसलं की झालं. ह्यांनी काही म्हटलं नाही, नुसतं खुरपं आणून दिलं.

पाच थांब्यांखालची घाणेरी उपटली. मुळासकट, कारण बुडखा राहिला की पुन्हा फुटते. खाली कडुनिंबाची चार, करवंदाचं एक आणि मला न ओळखता आलेली दोन रोपं निघाली, त्यांना कपड्याच्या चिंध्या बांधून ठेवल्या. सहावा थांबा माळाच्या वरच्या अंगाला, जिथं अर्जुनाची ती २१ रोपं गेली तिथंच आहे. घाणेरीच्या जाळीत हात घातला तर आत दोन चंदनाची रोपं. मी न लावलेली. मैत्रिणीचा बांध तिथून दहा कोसांवर, आसपास कुणाकडं चंदन असल्याचं मला माहीत नाही. वीतभर उंच, पानं चकचकीत हिरवीगार, माझ्या पिशव्यांतल्या कुठल्याही रोपापेक्षा तरतरीत. एवढ्या परिसरात तूर नाही. गवत आहे आणि घाणेरी आहे.

खुरपं हातात घेऊन मी बराच वेळ तिथं उकिडवी बसले होते. चंदन शेकडो जातींच्या झाडाझुडपांची मुळं धरतं, घाणेरीचीही धरतं. खाली कुणाला धरलंय ते उकरल्याशिवाय दिसायचं नाही, आणि उकरलं तर सुटायचं. अक्का वरून ओरडत होत्या, "बाई, ती एवढीच का ठेवलासा? मी काढू काय?"

"राहू दे गं," मी म्हटलं. "तिला हात लावू नकोस. चार दिवस मला जरा बघू दे."

जाळीच्या दोन्ही बाजूंना तुरीचे दाणे टोचले आणि वर चिंधी बांधली, लाल, अक्कांना लांबून दिसेल अशी.